एकच मासा

कुओपिओत मार्चमध्येही तळ्यावर हातभर बर्फ असतो.
इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर माझी खोली:
दोन खुर्च्या, एक सतरंजी,
कोपऱ्यात सुपारीएवढा कॅमेरा.
खेळणी मुद्दाम ठेवलेली नाहीत.
खेळणं आलं की गोष्ट रचली जाते,
आणि मला गोष्ट नकोय.

एएलिस. वय सहा वर्षं दोन महिने.
बूट दाराशी, एकच मोजा ओला.
मी नियम सांगते:
माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं.
माझं चुकलं तर मला टोकायचं.
समजा मी म्हटलं, तू तीस वर्षांचा आहेस?
तो हसतो. तीस वर्षांची तर आमची मांजरही नाही.
ठीक. टोकता येतं याला.

मग आधी भलतंच. रविवारी काय केलंस?
रविवारी उक्कीबरोबर,
म्हणजे आजोबांबरोबर, बर्फाला भोक पाडलं.
गिरमिट उक्कीचं, फिरवलं दोघांनी.
पाणी वर आलं ते काळं होतं.
मासा लागला, पट्ट्यापट्ट्यांचा, इथं टोचला.
तो अंगठा दाखवतो.
हा पोरगा आठवतो तेव्हा कसा आठवतो,
कुठं अडतो, हात कधी बोलू लागतात,
त्याचं माप मी घेऊन ठेवते,
कात्री हातात घेण्याआधी शिंपी घेतो तसं.

फाइलमध्ये एक वाक्य आहे.
पहिल्यांदा ते पाळणाघरात आलं, दूध सांडल्यावर.
बाईंनी जसंच्या तसं पेन्सिलीनं टिपलं,
देव त्यांचं भलं करो.
आईनं त्याच रात्री विचारलं.
मग सकाळी. मग मावशीसमोर.
सातव्यांदा, फोनवर रेकॉर्ड करताना,
वाक्यात एक दार आलं
जे दूध सांडलं तेव्हा नव्हतं.
आईला दोष कसा देऊ?
कुठली आई एकदाच विचारून झोपेल?
बापही फाइलमध्ये आहे, पान अकरा,
घटस्फोटाच्या तारखेसकट.

आगीशिवाय धूर नाही, म्हणतात.
पण इथं प्रत्येक घरामागे सौना,
आणि दुरून वाफ धुरासारखीच दिसते.
तेवीस वर्षांत एकदा
मी धुराला वाफ म्हटलं.
त्या मुलीचं नाव मी कुठंही लिहीत नाही.

वहीत दोन रकाने.
घडलं असेल तर काय दिसेल.
घडलं नसेल तर काय दिसेल.
अंथरूण ओलं करतो, दोन्हीकडे.
वडिलांकडून आला की गप्प, दोन्हीकडे.
डॉक्टर लिहितात: तपासणीत काही आढळलं नाही.
मी तेवढंच वाचते. त्यापुढचं त्यांनी लिहिलेलं नाही.

तू आज इथं का आलास, सांग मला.
गप्प.
काचेपलीकडे पोलिसांची सिनिक्का पेन थांबवते.
ही शांतता मी एका शब्दात भरू शकते.
मुलाच्या तोंडात शब्द घालणं किती सोपं,
घास भरवायची सवयच असते आपल्याला.
मी हात मांडीवर दाबून धरते.
एक मिनिट चाळीस सेकंद. नंतर चित्रफितीत मोजलं.

‘आई म्हणाली, ते सांग.’
ते म्हणजे? त्याबद्दल सगळं सांग.
तो मोज्याकडे बघतो.
‘ते मला आठवतं की आईला,
ते मला माहीत नाही.’

इतकं नेमकं बोलणारा साक्षीदार
मला कोर्टात अजून भेटलेला नाही.

अहवाल चौदा पानांचा.
न्यायाधीश थेट शेवटच्या पानावर जातील.
तिथं मी लिहिते: निश्चित सांगता येत नाही.
खोडते. पुन्हा तेच लिहिते.
त्याला पाच मिनिटांत शिकवलेलं
मला म्हणायला अख्खी दुपार लागली,
आणि खाली अजून एक ओळ,
की याला कुणी ‘नाही’ समजू नये.

त्या दिवशी निघताना मी म्हणाले,
नियम म्हणून नव्हे, खरंच चुकून:
मग त्या दोन माशांचं काय केलंत?
एक पाय बुटात, तो वळला.
‘दोन नाही. एकच होता.
तोपण उक्कीनं परत सोडला.’